रणपिसे मॅडमचे चुकणारे देव

मी काढलेला देव रणपिसे मॅडमनी बराच वेळ पाहिला आणि मग विचारलं, “याला कुठे दुखतं?”

मला वाटलं, चेष्टा करताहेत. मी नोकरीच्या मुलाखतीला आले होते. कोथरूडमधल्या एका इमारतीत खाली गणिताचे क्लास आणि तिसऱ्या मजल्यावर कॉम्प्युटर गेम बनवणारा छोटा स्टुडिओ. नमुना म्हणून एक काल्पनिक देव काढून आणायला सांगितलं होतं. चार दिवस खपून मी तो काढला होता. भरदार छाती, कपाळावर तेज, पायाखाली ढग.

“देव आहे तो, मॅडम. त्याला कशाला काय दुखेल?”

“मग कॅलेंडर छापणाऱ्यांकडे जा. त्यांना असेच लागतात.”

मी कागद गोळा करायला लागले. त्यातला एक त्यांनी बोटाने दाबून धरला. “हात मात्र बरे काढलेत. या हातांतून काहीतरी निसटलंय असं वाटतं. काय निसटलं?”

“माहीत नाही.”

“मलाही नाही. शोधू. सोमवारपासून या.”

सुजाता रणपिसे तेव्हा साठीच्या आसपास होत्या. किडकिडीत अंग, कडक इस्त्रीची सुती साडी आणि तिच्याखाली पांढरे स्पोर्ट्स शूज. एका सरकारी कचेरीच्या भाषांतर विभागात त्यांनी उभी हयात काढली होती आणि फावल्या वेळात कुठेच नसलेल्या जगांच्या गोष्टी लिहिल्या होत्या. त्या गोष्टी लहान लहान दिवाळी अंकांत यायच्या आणि फार कुणी वाचायचं नाही. ज्यांनी वाचल्या त्यांत आमच्या स्टुडिओचा मालक निनाद होता. स्टुडिओ काढल्यावर तो थेट खडकीला त्यांच्या घरी गेला आणि म्हणाला, मला एक अख्खं जग लिहून हवंय, देवांसकट.

देव नऊ होते आणि नऊच्या नऊ मॅडमनी घडवलेले. पुराणातलं एकही नाव त्या चालू द्यायच्या नाहीत. कचेरीची भाषा मात्र सुटली नव्हती. “सदर इसम सुईने आकाश शिवतो,” असं त्या झीमा नावाच्या देवाबद्दल म्हणायच्या. प्रत्येक देवासाठी एक फुलस्केप कागद असायचा. वर नाव, खाली त्याला काय काय करता येतं, आणि त्याखाली लाल पेन्सिलीने लिहिलेला एकच शब्द: चूक. त्यापुढची जागा भरल्याशिवाय देव जन्माला आला असं त्या मानायच्या नाहीत. नववा देव दीड महिना कपाटात पडून होता, कारण त्याच्या हातून काय चुकलं ते त्यांना सापडत नव्हतं. निनाद घायकुतीला आला, तर म्हणाल्या, “मग घाई कर. तूच काहीतरी चुकून दाखव.”

मी एकदा विचारलं, एवढे देव सुचतात कुठून? त्या चहा घेत होत्या. अर्धा कप, बिनसाखरेचा, घरून आणलेल्या स्टीलच्या पेल्यात.

“आजोबांनी छप्पन साली बौद्ध धम्म स्वीकारला. तेव्हापासून आमच्या घरात देव नाहीत. माझे वडील खडकीच्या क्वार्टर्समध्ये राहायला आले, तिथल्या शेजारच्या घराघरांत फोटो, देव्हारे. आमच्याकडे बाबासाहेब, बुद्ध आणि बाकी सगळी मोकळी भिंत. शाळेतून आले की मी त्या भिंतीवर मनातल्या मनात माणसं बसवायची. आकाशाएवढी माणसं. मला कुणी सांगितलं नव्हतं की ती चुकत नाहीत.”

यापलीकडे त्या स्वतःबद्दल बोलल्याचं मला आठवत नाही.

स्टुडिओत आम्ही चौदा जण होतो. निर्णय निनाद घ्यायचा, पण शब्द मॅडमचा चालायचा. एखाद्या देवाने उजवा पाय आधी टाकावा की डावा, यावर वाद झाला तरी कुणीतरी म्हणायचंच, “मॅडमना विचारा.” आणि त्या सांगायच्या, जणू त्या देवाला त्यांनी स्वतः चालताना पाहिलं आहे. काम चुकलं तर कारण ऐकून घ्यायच्या नाहीत. “सबब नको” हे त्यांचे दोन शब्द. आम्ही त्यांना घाबरायचो आणि त्यांनी शाबासकी दिली की दोन दिवस हवेत असायचो.

सगळ्यांत जास्त हवेत मुस्तफा असायचा. तिशीचा, स्वारगेटजवळ घोरपडे पेठेत राहणारा, एका चार वर्षांच्या मुलीचा बाप. मॅडमनी लिहिलेले संवाद गेममध्ये बसवणं हे त्याचं काम. त्यांच्या जुन्या गोष्टी त्याने रद्दीच्या दुकानांतून शोधून आणल्या होत्या. मॅडम जे पान टाकून द्यायच्या तेही तो जपून ठेवायचा.

आमच्या गेमचा कणा म्हणजे ओरणाची गोष्ट. ओरण हा नद्यांचा देव. जगातली प्रत्येक प्रार्थना त्याला ऐकू येते. एके दिवशी दोन गावं एकाच क्षणी हात जोडतात. एक म्हणतं पाणी दे, दुसरं म्हणतं पाणी थांबव. ओरण दोन्ही ऐकतो आणि गावांची अदलाबदल करतो. कोरडं गाव करपतं, भिजलेलं गाव बुडतं. तो चिडलेला नसतो, कुणाला धडा शिकवत नसतो. नुसता चुकतो. मग तो माणसाच्या रूपात बुडालेल्या गावात जातो आणि उरलेल्या लोकांना सांगतो, मी चुकलो. आणि लोक मान्यच करत नाहीत. कुणी म्हणतं, आमचंच पाप असेल. कुणी म्हणतं, देवाने परीक्षा पाहिली. तो परत परत सांगतो आणि ते परत परत त्याच्या पाया पडतात. गोष्ट तिथे थांबायची. पुढे काय, ते मॅडमना सापडत नव्हतं.

गेम बाजारात आणण्यासाठी मुंबईची एक कंपनी तयार झाली होती. त्यांचा माणूस, कौशिक, पहिल्या बैठकीला आला. अतिशय गोड बोलणारा.

“मॅडम, कन्सेप्ट ब्रिलियंट आहे. फक्त हा देव एवढा वीक का दाखवलाय?”

“वीक नाहीये. एकदा चुकलाय.”

“कुणीतरी असुर त्याला फसवतो, असं करू या? किंवा तो गावाची परीक्षा घेत असतो.”

“बुडून मेलेल्यांची परीक्षा?” मॅडम म्हणाल्या. “निकाल कुणाला सांगायचा मग?”

कौशिक काचेच्या खोलीबाहेर पाहत हसला. हा करार झाला नाही तर स्टुडिओ तीन महिन्यांत बंद होणार, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. निनाद हातातलं पेन उघडझाक करत होता. तेवढ्यात मुस्तफा हळूच म्हणाला, “मॅडम, फसवलं असं दाखवलं तरी गोष्ट उभी राहील कदाचित. मी लिहून बघू का?”

“बघ की. उद्या तुझी मुलगी बशी फोडेल आणि सांगेल, मला असुराने फसवलं.”

सगळे हसले. मुस्तफाही हसला, पण त्याचे कान लाल झालेले मला दिसले.

बैठकीनंतर निनादने मॅडमना अक्षरशः हात जोडले. दोन दिवस खपून त्यांनी स्वतःच तो असुर लिहिला. तिसऱ्या दिवशी सकाळी छापील प्रत निनादसमोर फाडली. “ओरण चुकला म्हणून राहील, नाहीतर मी जाते.” निनाद घाबरट नव्हता. त्याने मुंबईला कळवलं की आम्ही मूळ गोष्टच दाखवू. तुम्ही आधी पाहा, मग ठरवा.

दाखवायचा दिवस शुक्रवार होता. आदल्या दुपारी मॅडमनी मुस्तफाला मेल केली, “ही अंतिम.” चित्रं त्याप्रमाणे लावायची असल्याने मेलची प्रत मलाही होती. माझी चित्रं आधीच जुळवून झाली होती. फाइल मी उघडली नाही.

शुक्रवारी कौशिक आणखी दोघांना घेऊन आला. मोठ्या पडद्यावर गेम सुरू झाला. नदी चढली, गाव बुडालं, ओरण चिखलातून चालत आला. माझं चित्र पाहून त्यातल्या एकाने “वा” म्हटलं. मग ओरणाने तोंड उघडलं आणि खाली अक्षरं उमटली, “मला फसवलं गेलं.”

कौशिकच्या चेहऱ्यावर हसू आलं. “परफेक्ट! मॅडम, थँक यू.”

मॅडम उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज चढला नाही, उलट बसला. “मुस्तफा. हे तू बदललंस.”

“नाही मॅडम. तुम्ही पाठवलेलीच फाइल—”

“तुला पहिल्यापासून हेच हवं होतं. यांना खूश करायला माझ्या पाठीमागे केलंस.”

“मॅडम, मेल बघा. तुम्हीच काल—”

“सबब नको.”

मुस्तफाने आमच्याकडे पाहिलं. प्रत्येकाकडे, एकेक करून. माझ्याकडेही. मला त्याच क्षणी ती मेल आठवली होती आणि मी टेबलाकडे पाहत राहिले. त्याने लॅपटॉप मिटला, खुर्ची नीट आत सरकवली आणि तो बाहेर गेला. जिन्यावर त्याच्या बुटांचा आवाज खालपर्यंत ऐकू आला.

आणि मग कौशिक निनादला म्हणाला, “तू पण ना यार! देवांच्या गेमवर कुणाला बसवतोस!”

निनाद कसनुसं हसला. मी मॅडमकडे पाहिलं. त्या अजून उभ्याच होत्या. त्या वाक्याचा अर्थ त्या खोलीत सगळ्यांत आधी त्यांनाच कळला असणार. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं आणि त्या खाली बसल्या.  त्यांना मी गप्प बसलेलं पाहिलं ते तेवढं एकदाच.

त्या संध्याकाळी घरी जाऊन मी मेलमधली फाइल उघडली. असुराची होती. मॅडमनीच चुकीची जोडली होती.

शनिवार-रविवार मी स्वतःला समजावत राहिले. सोमवारी मुस्तफाचा राजीनामा आला. मॅडम दिवसभर भिंतीकडे तोंड करून काम करत होत्या. मी दोनदा त्यांच्या टेबलापर्यंत गेले आणि दोनदा पाणी पिऊन परत आले. मंगळवारी दुपारी मात्र मोबाइल त्यांच्या पुढे धरला.

त्यांनी चष्मा चढवला. वाचलं. फाइल उघडून पहिली ओळ वाचली, शेवटची वाचली. चष्मा काढला.

“तुला कधीपासून माहीत आहे?”

“शुक्रवारपासून.”

“हं.” त्यांनी मोबाइल मला परत दिला. मला वाटलं, आता माझी पाळी. पण त्या फक्त म्हणाल्या, “म्हणजे मी विचारलं असतं तर शुक्रवारीच कळलं असतं. मी विचारलंच नाही कुणाला.”

दहा मिनिटांनी त्यांनी सगळ्यांना खोलीत बोलावलं. उभ्यानेच सांगितलं, “शुक्रवारची चूक माझी होती. चुकीची फाइल मी पाठवली. मुस्तफाने काही केलेलं नव्हतं.”

 मग निनाद म्हणाला, “मॅडम, चिल. फायलींची नावंच इतकी सारखी होती. सिस्टीमची चूक आहे, तुमची नाही.”

“तुम्ही केवढ्या स्ट्रेसमध्ये होता,” कुणीतरी म्हणालं.

“आणि मुस्तफाने तरी एकदा विचारायला नको का? त्याला गोष्ट माहीत होती ना.”

 मॅडमनी टेबलाची कड धरली. “तुमच्यातला एक जण तरी म्हणेल का, की मी चुकले?”

कुणी म्हणालं नाही. मीसुद्धा नाही. आमचा त्यांच्यावर जीव होता आणि आम्ही त्यांना घाबरत होतो, या दोन्हींतलं कुठलं आडवं आलं, ते मला आजही सांगता येत नाही. त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, “स्कूटर आणली आहेस?”

घोरपडे पेठेत मुस्तफाच्या वडिलांचं गाद्यांचं दुकान आहे. आम्ही पोचलो तेव्हा ते एका गादीला टाके घालत होते आणि मुस्तफा मागे कापसाचे गठ्ठे रचत होता. आम्हाला बघून तो थांबला. पुढे आला नाही.

वडिलांनी घाईघाईने स्टूल पुसलं. “या ताई, बसा. मुस्तफा, चहा सांग.”

“चहा नको, भाई. मी मुस्तफाशी बोलायला आलेय. तुमच्यासमोर बोलले तर बरं, कारण त्याचा अपमान मी चारचौघांत केला.” त्या बसल्या नाहीत. “मुस्तफा, फाइल मी चुकीची पाठवली होती. तुझ्यावर खोटा आळ घेतला. तू सांगत होतास ते ऐकून घेतलं नाही. नंतर त्या माणसाने जे म्हटलं, तेव्हाही मी गप्प बसले.”

वडील मध्येच म्हणाले, “जाऊ द्या हो ताई. मोठ्या माणसांचं मनावर घ्यायचं नसतं. मी त्याला तेच सांगतोय चार दिवस.”

“नका सांगू त्याला तसं,” मॅडम म्हणाल्या.  “कृपा करून नका सांगू.”

मुस्तफाने हातातला गठ्ठा खाली ठेवला. त्याच्या भुवयांवर, केसांत कापूस अडकला होता.  रस्त्यावर टेम्पोवाले हॉर्न वाजवत होते.

“हो, तुम्ही चुकलात,” तो म्हणाला. “फाइल कुणाकडूनही चुकते, मॅडम. त्याचं काही नाही. पण तुम्ही मला वाक्य पुरं करू दिलं नाहीत. मी तुमच्या गोष्टी रद्दीतून शोधून आणल्या होत्या. आणि तुम्हाला क्षणभरसुद्धा वाटलं नाही, की हा खरं बोलत असेल.”

“नाही वाटलं.”

“आणि तो जे बोलला, ते माझ्या कानावर आलंय. तो तुमच्यामुळे बोलला. दार तुम्ही उघडून दिलंत.”

“हो.”

“मी परत येणार नाही.”

“त्यासाठी आलेच नाही मी. शुक्रवारी खोलीत जेवढे होते, त्या सगळ्यांना मी मेल केलीय. मुंबईच्या लोकांनाही. काय झालं आणि कुणामुळे झालं, एवढंच लिहिलंय.”

मुस्तफाने मान डोलावली. मॅडम म्हणाल्या, “बरं केलंस बोललास ते.” त्या दुकानाची पायरी उतरल्या आणि रस्त्यावर आल्यावर एका बंद शटरला टेकल्या. मी पाण्याची बाटली पुढे केली. त्यांनी घेतली नाही. छाती भरून श्वास घेतला, सोडला, परत घेतला. इतके दिवस श्वास अडकला होता आणि आत्ता मोकळा झाला, असं वाटलं मला. चूक मान्य झाल्यावर माणसाला एवढं बरं वाटू शकतं, हे मी पहिल्यांदा पाहिलं.

मुंबईच्या कंपनीने करार केला नाही. त्या मेलमुळे की ओरणामुळे, ते त्यांनी कळवलं नाही. स्टुडिओतली पाच माणसं कमी झाली. निनादने आठ-नऊ महिने धडपडून दुसरी, लहान कंपनी गाठली आणि गेम कसाबसा बाहेर आला.

पण त्याआधी, घोरपडे पेठेतून आल्याच्या दुसऱ्याच दिवशी, मॅडमनी ओरणाची गोष्ट पुरी केली होती. मला बोलावून पान हातात दिलं. सगळं गाव ओरणाच्या पाया पडत असतं. एक बाई तेवढी येत नाही. ती चिखलात अडकलेली शेळी ओढत असते. ओरण तिच्यापाशी जाऊन म्हणतो, मी चुकलो. ती मान वर न करता म्हणते, “हो, चुकलास. माझं घर गेलं. आता उभा राहू नकोस, ते दावं धर.” आणि ओरण दावं धरतो.

“तिला काढ,” मॅडम म्हणाल्या. “देव नाही काढलास तरी चालेल. ती बाई नीट काढ.”

तिच्या चेहऱ्याचे मी अकरा कागद फाडले. बाराव्याला त्यांनी मान डोलावली. मुस्तफाने गेम विकत घेतला की नाही, मला माहीत नाही. तो आता दुसरीकडे नोकरी करतो. कधी भेटला तर माझी चौकशी करतो, स्टुडिओचं नाव काढत नाही. त्या शुक्रवारी मी टेबलाकडे का पाहत राहिले, हे त्याने मला अजून विचारलेलं नाही. मीही सांगितलेलं नाही.

गेम बाहेर आल्यावर मॅडमनी काम थांबवलं. निरोपाचा कार्यक्रम नको म्हणाल्या. नववर्षाला फोन व्हायचा, एवढंच.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते मागच्या हिवाळ्यात, स्वारगेटच्या चौकात. मी सिग्नलला स्कूटरवर होते आणि शेजारी कात्रजची बस उभी होती. खिडकीत मॅडम. मांडीवर कागद, हातात पेन्सिल, आजूबाजूचं भान नाही. मी हाक मारली. त्यांनी काच सरकवली आणि प्रसन्न हसल्या.

“कुठे निघालात, मॅडम?”

“घरी. खडकीला.”

“ही कात्रजची बस आहे, उलट्या दिशेची!”

“काहीतरीच काय,” त्या ठामपणे म्हणाल्या आणि खात्री करायला कंडक्टरकडे वळल्या. मला ऐकू काही आलं नाही, पण कंडक्टरने कपाळावर हात मारलेला दिसला. मॅडमनी कागद गोळा केले आणि त्या भर रस्त्यात खाली उतरल्या. तेवढ्यात सिग्नल सुटला आणि मी स्कूटर कडेला घेतली. त्या दुभाजकावर चढून उभ्या राहिल्या, पदर खोचला आणि समोरून येणाऱ्या सगळ्या वाहतुकीला एक हात वर करून थांबायची खूण केली.

कुणीही थांबलं नाही. रिक्षा गेल्या, दुचाक्या गेल्या, एक टँकर गेला. मॅडमनी जरा वेळ वाट पाहिली, मग हात खाली घेतला आणि कागद छातीशी धरून, पलीकडचा दिवा बदलायची वाट पाहत, शेजारी टोपली घेऊन थांबलेल्या एका भाजीवालीबरोबर काहीतरी बोलत उभ्या राहिल्या.